साडूच्या चाकामागे

हिमेलफार्टच्या गुरुवारी (ख्रिस्त स्वर्गाला गेला त्या दिवसाची सुट्टी) सकाळी साडेसहाला माझा साडू सायकल घेऊन एर्लांगेनला आमच्या दारात हजर झाला, आणि सुनेत्राने पहिला चहा त्याच्या हातात दिला. मी तिथेच तिच्या शेजारी उभा होतो. बायको माझी, चहा माझ्या घरचा, आलंसुद्धा मीच किसलेलं. पण साडू आला की आमच्या घरातला क्रम बदलतो.

साडू म्हणजे योहान. सुनेत्राची धाकटी बहीण मधुरा पीएचडीसाठी जर्मनीत आली आणि पीएचडीबरोबर तिने हा सुतारही पदरात पाडून घेतला. दोघं जवळच फ्युर्टला राहतात. योहान जुन्या घरांची दारं-खिडक्या दुरुस्त करतो. उंची सहा फूट तीन इंच, पोटऱ्या भरदार, आणि स्वभाव असा की त्याच्यावर रागवायचं तर कारण शोधावं लागतं. मी गेली सहा वर्षं शोधतो आहे.

खरं कारण सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. साताऱ्याला आमचे सासरे राहतात, आबा. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा थोरला जावई मी, अठरा वर्षांचा जुना. लाडका जावई मात्र हा. मला ते म्हणतात, "या हेमंतराव, बसा हेमंतराव." त्याला म्हणतात, "अरे योहान, इकडे ये, ही फळी धर." मी इथे अठरा वर्षं जर्मन बोलतोय, आजवर एकाही जर्मन माणसाने 'वा, छान बोलता' म्हटलेलं नाही. हा साताऱ्यात जाऊन "आबा, भूक लागली" एवढं म्हणाला की अख्खी गल्ली त्याचं कौतुक करते. याला मत्सर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मीही तेच म्हणतो.

सहलीची कल्पना माझीच होती. मी नुकतीच ग्रॅव्हल बाईक घेतली होती. म्हणजे रेसच्या सायकलसारखं वाकलेलं हँडल, पण टायर जाड, खडीच्या आणि मातीच्या वाटांवर चालतील असे. माझी कार्बनची, एका बोटाने उचलता येईल अशी. योहानची लोखंडी, त्याच्या वडिलांची, तिला जाड टायर त्याने घरीच बसवलेले. तीन दिवसांत एर्लांगेनहून जंगलाजंगलाने रोथेनबुर्गला जायचं आणि रेल्वेने परतायचं, असा बेत होता. या प्रवासात तरी मी पुढे आणि तो मागे, असं मी मनाशी ठरवलं होतं.

निघताना त्याने माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. "दादा, हवा जास्त. थोडी काढू?" तो माझ्याशी मराठी बोलतो ते असं, एकेक शब्द वेगळा ठेवून.

"राहू दे," मी म्हणालो. आम्ही नाशिकला सायकलच्या दुकानात हवा भरायचो ती टायर दगडासारखा होईपर्यंत. टायर दाबला गेला तर दुकानदाराचा हात आखडता, असा आमचा हिशेब. आणि सुताराने मला टायर शिकवावा, हे काही मला मानवणारं नव्हतं.

सुनेत्राने धपाट्यांचे दोन डबे दिले. त्याच्या डब्यात लोण्याची वेगळी डबी होती.

एर्लांगेन सोडून पश्चिमेला निघालं की तळीच तळी लागतात. जुन्या काळी मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसांत मासे मिळावेत म्हणून खणलेली. आजही त्यांत कार्प मासे वाढवतात, पण ज्या महिन्याच्या जर्मन नावात 'र' नाही त्या महिन्यात ते खात नाहीत. मे महिन्यात ते निर्धास्त असतात. तळ्यांच्या बांधावरून पांढरी खडीची वाट जाते, एका बाजूला लव्हाळे, दुसऱ्या बाजूला मोहरीसारखी पिवळी शेतं. चाकाखाली खडी करकरत होती. सुरुवातीला ऐकायला बरं वाटलं, दहा किलोमीटरनंतर दात हलायला लागले. माझे टायर दगडासारखे होते ना. प्रत्येक खडा मला मनगटात कळत होता. योहान शेजारून शीळ घालत चालला होता.

हिमेलफार्टची सुट्टी हीच इथली वडिलांची सुट्टीही. त्या दिवशी पुरुषमंडळी छोटी लाकडी हातगाडी घेऊन, तिच्यात बिअरचा खोका ठेवून रानात चालायला निघतात. तिला बोलरवागन म्हणतात. अशी एक गाडी वाटेत मोडून पडली होती आणि पाच-सहा प्रौढ गृहस्थ तिच्याभोवती सुतकी चेहऱ्याने उभे होते. योहानने सायकल टेकवली, खिशातला चाकू काढला, एक फांदी तासली आणि सात मिनिटांत आसाची खुंटी बदलून दिली. त्यांनी त्याला मिठ्या मारल्या, बिअर पाजली. मलाही दिली. मग एकाने मला अगदी सावकाश, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "तुम्हाला आमचं जर्मनी आवडलं का?"

"हो," मी म्हणालो, "अठरा वर्षं आवडतंय."

दुपारी श्लुसेलफेल्ड नावाच्या गावी पोचलो. उंच चौकोनी वेशीखालून आत शिरलं की एक लांब बाजारपेठ, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची घरं, खिडक्यांत लाल फुलं. कुठे कागदाचा कपटा नाही. असं गाव दिसलं की मला आधी आनंद होतो आणि मग लगेच पोटात दुखायला लागतं. आपल्याकडे वेशी काय कमी होत्या का, हे मी इथे येऊन किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. योहान म्हणाला, "दादा, घरं सुंदर. पण आतून थंड. खिडक्या वाईट." त्याला खिडक्याच दिसतात.

बाकावर बसून आम्ही डबे उघडले, आणि त्याचा फोन वाजला. फोन हँडलवर लावलेला होता, त्यामुळे नाव मलाही दिसलं. आबा.

आबा मला वर्षातून दोनदा फोन करतात, वाढदिवसाला आणि पाडव्याला. तोही सुनेत्राच्या फोनवर. "हेमंतराव, प्रकृती बरी ना? कामाचा ताण घेऊ नका." मी म्हणतो, "आपल्या आशीर्वादाने उत्तम." झालं संभाषण. आणि इथे एका साध्या गुरुवारी, जेवणाच्या वेळी, "अरे योहान, कुठे आहेस तू?" हा त्यांचा खडा आवाज मला तीन हातांवरून ऐकू आला.

योहान उठून वेशीकडे चालत गेला. पाठमोरा, मान खाली. वारा माझ्याकडे होता म्हणून तुटक ऐकू आलं. "हो आबा... आता घरी?... ठीक... नाही, कोणालाच नाही." परत येऊन बसला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, "काय म्हणतात आबा?"

"आबा बरे," तो म्हणाला, आणि धपाट्याला लोणी लावू लागला.

कोणालाच नाही म्हणजे मला नाही, हे कळायला काही पीएचडी लागत नाही. सासरा आणि धाकटा जावई यांच्यात काही गुपित आहे आणि थोरला जावई त्याच्या बाहेर आहे. त्यानंतरचे वीस किलोमीटर मी काय पाहिलं ते मला आठवत नाही. ओक होते बहुधा.

संध्याकाळी एब्राखला मुक्काम केला. हे गाव म्हणजे एक भलामोठा जुना मठ आणि त्याच्या आधाराने उभी राहिलेली घरं. मठाच्या बऱ्याच भागात आज तुरुंग आहे, आणि शेजारच्या चर्चची गोल खिडकी मावळतीच्या उन्हात पेटल्यासारखी दिसते. गेस्टहाऊसची मालकीण साठीची, तोंडाने फटकळ. तिने आम्हाला श्पार्गेल, म्हणजे शतावरीचे कोंब, वाढलं. पांढरं, शेवग्याच्या शेंगेएवढं लांब, उकडलेलं आणि वर वितळलेलं लोणी. वसंतात सगळं जर्मनी याच्यामागे वेडं होतं. मला ते अठरा वर्षांत पचलेलं आहे, आवडलेलं नाही. योहानने तिच्या जेवणघराच्या दाराकडे बोट दाखवून सांगितलं की हे घासतंय, खालची बिजागरी सैल आहे. पाच मिनिटांनी दार घासत नव्हतं आणि त्याच्या ताटात आणखी चार श्पार्गेल होते.

"तुमचे मित्र फार चांगले आहेत," ती मला म्हणाली.

"मित्र नाही," मी म्हणालो. "बायकोच्या बहिणीचा नवरा." जर्मनमध्ये साडूला धड शब्द नाही, नातं समजावत बसावं लागतं. मी ते नेहमीपेक्षा जरा जास्तच लांबण लावून समजावलं.

दुसऱ्या दिवशी श्टायगरवाल्डचं जंगल. इथे मात्र मी सगळं विसरून गेलो, तासभर का होईना. बीचची झाडं सरळ सोट वर गेलेली, खोडं हत्तीच्या कातडीसारखी राखाडी, आणि वरून नव्या पालवीतून गाळून आलेलं पोपटी ऊन. मध्येच कोकीळ नाही, कुकू बोलतो, घड्याळातल्यासारखाच. वनखात्याच्या खडीच्या वाटेवर, तिला फॉर्स्टवेग म्हणतात, आम्ही दोघंच होतो. चढावर आम्हाला सत्तरीचं एक जोडपं बॅटरीच्या सायकलींवरून 'मॉर्गन!' म्हणत मागे टाकून गेलं. त्यांचाही हेवा वाटला. मग आणखी मनात येत गेलं. आबांनी आमच्या लग्नात माझे पाय धुतले होते. वयाने वडिलांएवढा माणूस, पाटावर बसलेल्या माझ्या पायांवर पाणी घालत होता आणि मी अवघडून, पण गप्प बसलो होतो. योहानचं लग्न झालं ते फ्युर्टच्या कचेरीत, सही करून. त्याचे पाय कोणी धुतले नाहीत. मग मान माझा मोठा की त्याचा? जावई हा दहावा ग्रह म्हणतात. पण ग्रहाशी कोणी गप्पा मारत नाही, एवढं खरं.

या विचारातच उतार लागला. योहान मागून ओरडला, "दादा, हळू! टायर कडक!" त्यावर मी ब्रेक सोडले. सत्तेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजातल्या पोरासारखे. वळणावर खडी जाड होती. मऊ टायर असता तर त्याने खडी पकडली असती. माझा टायर गोटीसारखा उडाला, आणि मी उजव्या अंगावर पडून चार हात घसरत गेलो.

योहान पोचला तेव्हा मी पानांत बसून माझा गुडघा पाहत होतो. त्याने पाण्याने जखम धुतली. खाली वाकून, एका हाताने पाऊल धरून, दुसऱ्याने बाटली तिरकी करून. माझ्या पायांवर पाणी घालणारा हा दुसरा माणूस, असं मनात आलं आणि हसूही आलं, रडूही. पट्टी बांधून झाल्यावर तो काही न विचारता माझ्या दोन्ही टायरांमधली हवा काढत बसला. मी अडवलं नाही.

जंगल संपल्यावर द्राक्षांचे मळे सुरू झाले. इप्होफेन हे तटबंदीतलं गाव, वेस अशी वाकडीतिकडी की लहान मुलाने काढलेली वाटावी. आत दारूच्या तळघरांची दारं फुटपाथलगत. एका मळेवाल्याने आम्हाला अंगणात बसवून त्याची झिल्वानर वाईन दिली, चपट्या पोटाच्या बाटलीतून. माझा गुडघा पाहून म्हणाला, "आल्झो, म्हणजे बघा, श्टायगरवाल्ड प्रत्येकाकडून थोडं कातडं घेतोच." मऊ टायरांवर खडी आता पायवाटेसारखी लागत होती. मनगटं दुखायची थांबली होती. हे मी योहानला सांगितलं नाही.

ओक्सेनफुर्टला नदीकाठी मुक्काम. गावच्या चौकात जुनं घड्याळ आहे, ठोके पडले की वरच्या झरोक्यांतून छोट्या आकृत्या डोकावतात. ते बघायला आम्ही उभे राहिलो. सहा वाजले, आकृत्या आल्या, लोकांनी फोटो काढले. मी वर बघतच विचारलं, "योहान, आबा तुझ्याशी काय बोलतात एवढं? आणि मला काय सांगायचं नाही?"

तो जर्मनमध्ये उत्तरला. अवघड काही असलं की तो मराठी सोडतो. "हेमंत, मी वचन दिलंय."

"कशाबद्दल?"

"ते सांगितलं तर वचन कसलं?"

"दर आठवड्याला बोलता?"

"दर रविवारी. सकाळी अकराला."

मी म्हणालो, "मी त्यांचा अठरा वर्षांचा जावई आहे."

"गेनाऊ," तो म्हणाला. हो ना, तेच तर, अशा अर्थाने. त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं. जेवताना आम्ही हवामानाबद्दल बोललो.

तिसऱ्या दिवशीची वाट या प्रवासातली सर्वांत सोपी. एके काळी इथे छोटी रेल्वे धावायची. रूळ उखडून त्या जागी सायकलींची वाट केली आहे. रेल्वेची असल्यामुळे चढ जाणवत नाही, वळण अंगावर येत नाही. जुन्या स्थानकांच्या इमारतींत लोक राहतात, फलाटावर टोमॅटोच्या कुंड्या. दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी शेतं आणि वर चंडोल. योहान पुढे होता. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी त्याच्या मागे, त्याच्या चाकाच्या आड राहून चाललो. वारा तो अंगावर घेत होता. गुडघा दुखत होता म्हणून, असं मी मनाशी म्हटलं.

मग टाउबर नदीचं खोरं, आणि शेवटी उभा चढ चढून रोथेनबुर्ग. तुम्ही फोटो पाहिले असतील. ते खोटे नाहीत. तट, बुरूज, लाल कौलं, सगळं तसंच, फक्त फोटोत पर्यटकांच्या झुंडी दिसत नाहीत. तिथे श्नेबाल मिळतो, म्हणजे बर्फाचा गोळा. शंकरपाळ्याच्या पिठाच्या पट्ट्या गुंडाळून चेंडू करायचा, तळायचा आणि वर पिठीसाखर. सातारच्या आमच्या सासूबाई याहून खुसखुशीत करतील, असं मी म्हणालो.

योहानने त्याचा श्नेबाल कागदात परत गुंडाळला. आम्ही तटावरच्या लाकडी सज्जात बसलो होतो, पाठीमागून लोक जात होते. त्याने फोन काढला आणि म्हणाला, "मी वचन मोडतोय. रात्रभर विचार केला. हे आबांनी पाठवलंय. त्यांना यातलं कळत नाही, मला कळत नाही. तुला कळतं."

फोनवर एका तपासणीच्या अहवालाचे फोटो होते. मेंदूची चित्रं. मी एर्लांगेनमध्ये ज्या प्रकारच्या यंत्रांवर काम करतो, तशाच यंत्रातून काढलेली. मी डॉक्टर नाही, पण अशी चित्रं हजारो पाहिली आहेत. जिथे भरलेलं दिसायला हवं तिथे रिकामं होतं. डाव्या कोपऱ्यात सासूबाईंचं नाव होतं.

माझी बोटं पिठीसाखरेची होती. स्क्रीनवर ठसे उमटले.

योहान सांगत गेला. गेल्या दिवाळीत आम्ही चौघंही साताऱ्याला होतो. तो पहाटे पाचला उठायचा आणि स्वयंपाकघरात आबांबरोबर चहा घेत बसायचा. तिथे त्याला दिसलं की डब्यांवर आबांनी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मीठ, साखर, मोहरी. दिसलं की सासूबाई गॅस पेटवून ज्योतीकडे बघत उभ्या राहतात, पुढे काय ते सुचत नाही. लेकी माहेरपणाला आलेल्या, त्यांना आबा ओट्याजवळ येऊ देत नव्हते. "बसा गं, आराम करा." याला कोणी बस म्हटलं नाही, म्हणून याने पाहिलं. आणि याने पाहिलं हे आबांना कळलं. परवा गुरुवारी सासूबाई देवळात म्हणून निघाल्या त्या तीन तास सापडल्या नव्हत्या. श्लुसेलफेल्डला आलेला फोन तोच होता.

आणि मी? मी त्या दिवाळीत बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर, पंख्याखाली होतो. चहा माझ्याकडे येत होता, फराळ माझ्याकडे येत होता. एके दिवशी आमटीत मीठ दुप्पट पडलं होतं. मला चांगलं आठवतं, कारण मी दोन वाट्या मुकाट्याने संपवल्या आणि वर 'फार छान' म्हणालो. जावयाने सासुरवाडीच्या अन्नाला नाव ठेवू नये. सासूबाई दाराशी उभं राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, कौतुकाने.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मी रोज हेच काम करतो, योहान."

"मी आबांना तेच म्हणालो. हेमंतला विचारा. ते म्हणाले, जावयाला कसं सांगायचं?"

"तू कोण आहेस मग?"

तो तटाखालच्या बागांकडे बघत म्हणाला, "मी पण विचारलं. मी पण जावई. आबा हसले." पुढचं वाक्य तो मराठीत बोलला. "म्हणाले, तू मुलगा."

खोटं कशाला बोलू? सासूबाईंचा मेंदू माझ्या हातात होता, आणि त्या क्षणीसुद्धा मला मत्सरच वाटला. आधी मत्सर, मग वाईट. हा क्रम मी स्वतःशी बदलून पाहिला, पण तसा तो नव्हता.

परतीच्या रेल्वेत सायकली दाराशी बांधून आम्ही समोरासमोर बसलो. श्टाइनाख, आन्सबाख, न्युर्नबेर्ग. योहान झोपला. मला वाटत होतं की मी तीन दिवस जंगलं आणि गावं पाहिली. प्रत्यक्षात मी एकाच माणसाकडे पाहत होतो आणि त्याच्याकडे काय आहे ते मोजत होतो. त्याच्याकडे जे होतं ते काही बक्षीस नव्हतं. घरचं ओझं उचलायला ज्याला हाक मारतात, तो घरचा. मला कोणी हाक मारली नाही कारण मी कधी सोफ्यावरून उठलो नाही, आणि मी उठलो नाही कारण मला कोणी उठू दिलं नाही. यात चूक कोणाची, हे मी आन्सबाखपर्यंत ठरवू शकलो नाही. ठरलं एवढंच की आधी आबांशी बोलायचं, मग सुनेत्राला सांगायचं, आणि तेही रविवारीच.

हे छापायचं की नाही, हे मी नंतर आबांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा हेमंतराव. ती आता वाचत नाही."

रविवारी सकाळी सुनेत्रा बेकरीत पाव आणायला गेली. रांग असते, वीस मिनिटं तरी लागतात. अकरा वाजले होते, साताऱ्याला दुपार. योहानला मी कळवलं होतं की आज त्याच्याऐवजी मी फोन करतो. सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून मी आबांचा नंबर लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

फोन सासूबाईंनी उचलला.

"योहान का रे?" त्या म्हणाल्या. "हे गच्चीवर कपडे काढतायत. थांब, येतील."

मी तोंड उघडलं. आई, मी हेमंत, असं म्हणायला हवं होतं. पण अठरा वर्षांत त्या माझ्याशी अशा आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. आवाजात पदर सावरणं नव्हतं. मी म्हणालो, "हो, आई."

"जेवलास का?"

"नाही."

"मग खा आधी काहीतरी. नुसत्या कॉफीवर राहू नकोस तू."

"आई, मी सायकलवरून पडलो."

"अगं बाई! कुठं लागलं? हळद लाव. मधुराला सांग, तूप-हळद गरम करून लाव म्हणावं." मग आवाज खाली आला, दार लोटल्यासारखं वाटलं. "हे बघ योहान, माझ्या विसरण्याचं हेमंतरावांच्या कानावर घालू नकोस हं."

"का, आई?"

"अरे, हे सारखे माझ्यावर नजर ठेवून असतात. तू पण बघत असतोस, कळतं मला. हेमंतरावांसमोर मी अजून पहिल्यासारखी आहे. मी केलेलं त्यांना अजून छान लागतं. एक तरी माणूस असू दे ना मला तसा."

बाहेर जिन्यात सुनेत्राची पावलं वाजली. मी फोन कानाशी घट्ट धरला, आणि योहान बोलतो तसं, एकेक शब्द वेगळा ठेवून म्हणालो, "हेमंतराव... काही... माहीत नाही, आई."